माहेरच्या शेंगा

कराडच्या स्टँडवरून बोरिवलीची गाडी सुटली तेव्हा पायाशी शेंगदाण्यांची पिशवी होती. आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, सुमनकडे, रिकाम्या हातानं जायची आमच्यात रीत नाही. दिवाळीत तिचा फोन आला होता, "लता, लिव्हरमध्ये गाठ निघालीय गं. आईला सांगू नकोस." जिनं जन्मात दारूचा वास घेतला नाही, तिच्या लिव्हरला काय धाड भरली, याच विचारात रस्ता सरला.

बोरिवलीला हवा नुसती चिकट. दिवाळी सरली तरी घामाच्या धारा. डोक्यावरून मेट्रो आणि खाली भाव खाणारे रिक्षावाले. चारकोप म्हटल्यावर दोघांनी मान फिरवली. तिसरा म्हणाला, "बसा मावशी, पण गल्ली तुम्ही सांगायची. इथं सगळं सेम टू सेम." खरंच तसंच होतं. बैठ्या घरांवर चढवलेले मजले, दाराशी तुळस आणि भिंतींना ओल.

दाजींनी दार उघडलं. ते मालवणकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते. "इलंस गो? (आलीस का?)" म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आक्का मात्र साबुदाण्याची खिचडी परतत होती. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताच्या काड्या झालेल्या, आणि बाईंचा सोमवार! नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून ही आठवड्यातून तीन उपास करते, आणि उपास म्हटला की दाण्याचा कूट आलाच. मी चिडले तर म्हणाली, "माहेरचे दाणे आहेत. त्यांनी काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी अंधेरीला हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. काय खाता, कुठून येतं, सगळं विचारलं.

"दाणे घरचेच," आक्का अभिमानानं म्हणाली. "जरा काळपट असतात. बुरा आला तर मी धुऊन, वाळवून खमंग भाजते. टाकत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बुरशीचं विष धुऊन जात नाही, भाजूनही पुरतं मरत नाही. गाठ त्यानंच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही. पण वर्षानुवर्षं असले दाणे खाणं लिव्हरला वाईटच. आता एक दाणाही नको. जनावरालाही घालू नका, दुधात उतरतं."

दाणे काळपट का, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे निवडक शेंगा बाजारात जातात. डागी, म्हणजे डागाळलेल्या, घरात राहतात आणि सासरी गेलेल्या लेकींना जातात. पूर्वी डागी निघायच्या ओंजळभर. आता शेंग भरायच्या वेळी ऊन जमीन भाजून काढतं आणि काढणीला पाऊस ठाण मांडतो. ढिगातल्या शेंगा घामेजतात, हिरवा बुरा धरतात. व्यापारी वास घेऊन पोतं परत पाठवतो. तेच पोतं मग मायेनं मुंबईला निघतं.

घरी येताच माझी पिशवी कचऱ्यात टाकली. मग आक्काचा डबा उघडला, तर तळाशी मूठभर.

"बाकीचे कुठे?"

"वाटले की! शेजारी दिल्याशिवाय माहेरचं गोड लागतं का?"

परत आणते म्हटलं तर उसळली. "दिलेलं परत मागणार? नाक कापशील माझं!"

तरी गेले. पहिल्या दारात पोटुशी सून होती. मी काही सांगायच्या आत डबा घेऊन आली. "रिकामा कसा देऊ, मावशी? चटणी घातलीय. तुमच्याच दाण्यांची." शेजारच्या घरी लाडू तयार होते. "झकास झालेत, खाऊन बघा ना," ती बाई तोंडातला घास चावत म्हणाली. मी खरं काय ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला आणि तिनं लाडवांचा डबा माझ्या हाती दिला. तिसऱ्या दाराला कुलूप होतं. ते लोक गावी गेले होते, दाणे घेऊन.

दोन्ही डबे मी ओतून टाकले. आक्का भिंतीकडे तोंड करून रडली. दाजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

परतीच्या गाडीत माझा मलाच संताप येत होता. विकताना आम्ही शेंग फोडून दाखवतो, लेकीला देताना कुणी वासही घेत नाही. हवा बदलली, आमची रीत मात्र जुन्या पावसावरच चाललीय.

घरी पोचले तर आई अंगणात डागी शेंगा निवडत बसलेली. म्हणाली, "सुमनसाठी काढतेय. औंदा लई भिजल्यात."

"टाकून दे आई. म्हशीलाही नको."

"अगं, सुमनला आवडतात! मग तिला पाठवायचं काय?"

गाठीचं सांगायचं नाही असं वचन दिलं होतं. पण तिच्या मांडीवरचं ते सूप बघून मला राहवेना.

"काही पाठवू नकोस," मी म्हटलं. "तूच चल. लवकर चल."