ओळंब्यातली दरड

माझ्या बापाने डोंगर ओळंब्यात कापला आणि मी तो मोडला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बाप गावाला गेला असताना, त्याला न विचारता. नातेवाइकांत हा विषय निघाला की अजूनही कोणीतरी म्हणतं, "तुझं चुकलंच हां तेव्हा." माझं काहीएक चुकलं नव्हतं.

घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनपासून चांगली पाऊण तासाची चाल, त्यातली निम्मी चढण. डोंगराच्या अंगावर घरांच्या ओळी होत्या, खालच्या ओळीचे पत्रे वरच्या ओळीच्या वाटेला टेकलेले. संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही. परळच्या एका खोलीत आम्ही आणि दोन काकांची बिऱ्हाडं मिळून अकरा माणसं. बाबा बावीस वर्षं बाहेर गॅलरीत झोपले, पाय पोटाशी घेऊन, कारण पाय सरळ केले की शेजाऱ्याच्या दारात जात. गिरणी गेली तेव्हा त्यांनी गाठीला होतं नव्हतं ते घालून डोंगरावरचा हा तुकडा घेतला. तुकडा कसला, उतारच तो. पुढे वाट, वाटेखाली दुसऱ्याचं छप्पर. खोली जेवढी हवी तेवढी मागे डोंगरात खणायची, दुसरा रस्ता नव्हता. बाबांना दहा फूट खोली हवी होती. आई, मी आणि धाकटी बहीण झोपून वर त्यांना आत पाय पसरता आले पाहिजेत, एवढाच त्यांचा हट्ट. माणसाने आयुष्यात एवढंही मागू नये का? मागावं. त्यांच्या मागण्याशी माझं भांडण कधीच नव्हतं.

संक्रांत झाली आणि बाबांनी पहार हातात घेतली. मजूर लावले नाहीत. घर उभं राहीपर्यंत आम्ही शेजारच्याच एका खोलीत भाड्याने राहत होतो. आमचं घराणं मालवणाकडचं, चिरेखाणीतलं. चिरा म्हणजे तो तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड. आमच्या गावात खाणीच्या भिंती आजोबांच्या वेळेपासून सरळसोट उभ्या आहेत. त्यांना पावसात शेवाळ धरतं, उन्हात ते सुकतं, बाकी काही होत नाही. बाबांनी गिरणीत लागण्याआधी तिथेच काम केलेलं. त्यामुळे त्यांच्या हिशेबी डोंगर कापायचा म्हणजे सरळ कापायचा. वाकडं कापणारा तो आळशी.

ते रोज सकाळी ओळंबा, दोरीला बांधलेलं ते वजन, सोडून बघायचे. रविवारी मी आणि आई घमेल्याने मुरूम वाहायचो. दीड पुरुष उंचीची ती दरड, वरपासून खालपर्यंत कुठे बोटभर आत नाही की बाहेर नाही. खोटं कशाला बोलू, दिसायला झकास होती. ओळीतली माणसं बघायला यायची. त्यातल्या दोघांनी तर बाबांना बोलावून नेलं आणि आपली दरडही तशीच ओळंब्यात कापून घेतली. संपात घरी बसलेला माणूस पुन्हा गिरणीतला जॉबर, मुकादम झाला. लोक त्यांना विचारू लागले, आणि बाबा आवाज चढवून सांगू लागले. मला बरं वाटायचं ते.

मग एके दिवशी चार घरं सोडून राहणाऱ्या मावशी आल्या. नगरकडच्या. दुष्काळात रोजगार हमीवर रस्ते आणि पाझर तलाव खणलेल्या, त्याआधी विहिरींवर. हात बघितले तर पुरुषाचे वाटतील. मावशी बौद्ध. आमच्या घरात हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. "त्यांच्यातली" एवढंच म्हणायचे, आणि त्या एका शब्दात सगळा कचरा यायचा.

त्यांनी दरडीतला एक खडा काढला, बोटांनी चुरला आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यो मुरूम हाय. उन्हात दगड, पान्यात शिरा. असा सरळ नका ठिवू. वरून मागं घ्या, उतार द्या, पायाशी दगडाचा बांध घाला. बांधात चार फूट जागा जाईल, पर मानसं ऱ्हातील."

"आम्ही चिरेखाणीतली माणसं," बाबा म्हणाले. "आम्हाला दगड शिकवू नका."

आई सगळ्या बघ्यांना पाणी देत होती. मावशींपुढे तांब्या आला नाही. त्या हातातला चुरा झटकून निघून गेल्या. त्या वळल्या न वळल्या तोच बाबा आईला म्हणाले, "आता ही आमका शिकवतली!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. विक्रोळीच्या कारखान्यात माझ्या पॅकिंगच्या टेबलावर आम्ही चौघी एका डब्यात जेवत होतो, त्यांत कोण कुठली हे विचारायची कोणाला गरज पडली नव्हती. संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले आणि बाबांच्या वतीने माफी मागायला लागले. त्यांनी मला गप्प केलं. "माफी काय चाटायची? ढेकूळ घे, पान्यात टाक. बापाला दाखव."

मी बालदीत दोन वस्तू टाकल्या. एक आमच्या दरडीतलं ढेकूळ, आणि बाबांनी घराच्या पायात घालायला गावाहून एस्टीने आणलेल्या चिऱ्याची एक ढलपी. चहा उकळेपर्यंत ढेकळाचा चिखल झाला होता. ढलपी होती तशीच. मी बालदी बाबांपुढे नेऊन ठेवली.

त्यांनी ढेकळाचा चिखल बोटाने ढवळला. मग म्हणाले, "डोंगर काय बालदीत रवता गो?" आणि बालदी वाटेवर ओतली. त्यांचं म्हणणं असं, की पावसाआधी विटांची भिंत उभी राहील आणि वर पत्रा येईल. मग दरडीला पाणी लागणार कुठून?

शिमगा आला. कोकणातला चाकरमानी एक वेळ बायकोला विसरेल पण शिमग्याला गावच्या पालखीला जायचं विसरणार नाही. बाबा आठ दिवसांसाठी गेले. त्यांची गाडी सुटली तशी मी कारखान्यात बिनपगारी रजा टाकली आणि आईला सांगितलं, मी दरड मोडणार.

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुझो बापूस इलो की तूच सांग. मी मदी पडूचंय नाय."

मावशी आल्या, आपली पहार घेऊन. दोन दिवस आम्ही दोघी उतार काढत होतो. हातांना फोड आले, फुटले, परत आले. ओळीतले पुरुष बिड्या ओढत बघत होते. एकाने विचारलं, "काय गं, बापाचं घर पाडायला घेतलंस?" मी म्हटलं, "हो. तुमचं पण पाडू का?" तो गेला.

तिसऱ्या दिवशी पायाशी बांध घालायला घेतला. सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड, मधल्या फटींतून पाणी वाहून जावं म्हणून. माझे दगड काही बसेनात. आई भाड्याच्या खोलीच्या दारातून बघत होती. तिला राहवलं नाही. "ह्यो गडगो काय गो? सर बाजूक," म्हणत तिने पदर खोचला. गडगा म्हणजे कोकणातल्या प्रत्येक परसाची कुंपणाची भिंत, ती आई लहानपणापासून रचत आलेली. दुपारपर्यंत त्या दोघी एकमेकींना दगड देत होत्या आणि मी नुसती घमेली उचलत होते. जेवायच्या वेळी आईने मावशींना पाणी दिलं. तांब्या त्यांच्या हातात दिला आणि त्या प्यायल्यावर त्याच तांब्याने आपणही प्यायली. मला आईचा अभिमान वाटला, आणि एवढ्याशा गोष्टीचा अभिमान वाटावा याची शरमही वाटली.

बाबा आले ते पिशवीत नारळ आणि आमसुलं घेऊन. पिशवी हातातच राहिली. त्यांनी खोलीची जागा पावलं जोडून मोजली. जेमतेम सहा फूट भरली.

"म्हणजे मी परत भायेर," ते म्हणाले.

ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, तयारीच होती माझी. पण ते एवढंच म्हणाले. मी तरीही म्हटलं, "बाहेर झोपा, पण जिवंत झोपा." त्यानंतर दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर बहिणीला सांगत, "तिला सांग." भिंती उभ्या राहिल्या, पत्रा चढला, आणि ते रात्री वाटेवर चटई टाकून झोपू लागले. मला वाईट वाटलं का? वाटलं, रोज वाटलं. आतून त्यांचे पाय दिसायचे आणि मी पाठ फिरवून झोपायचे. पण कोणी म्हटलं असतं, दरड परत सरळ कर, तर मी पहारीला हात लावला नसता.

ऊन तापलं होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तेव्हा ते झालं. वरच्या ओळीत एका घरी लग्न होतं. तीन दिवस ड्रमच्या ड्रम पाणी चढवलं गेलं. आंघोळी, धुणी, पंगतीची भांडी, सगळं पाणी घरामागे ओतलेलं. ते डोंगरात मुरत मुरत बरोबर एका घरामागे उतरलं. बाबांनी ओळंबा लावून दिलेल्या दोन घरांपैकी ते एक. सकाळी दहाच्या सुमाराला सिमेंटची गोणी आपटावी तसा आवाज आला. दरडीची खालची अर्धी बाजू विटांची भिंत घेऊन आत खाटेवर बसली होती. खाटेचे पाय मोडले. घरातली बाई नळावर गेली होती म्हणून वाचली.

तो रविवार होता, मी घरीच होते. धावत गेले तर माणसं जमलेली, वरची अर्धी दरड अजून लटकत होती. घरमालक बाबांकडे बघून म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणालात ना, शंभर वर्षं हलायची नाही." बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते वळले आणि थेट मावशींच्या दाराशी गेले. मी मागोमाग.

"बाई, जरा येऊन बघता?" उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं.

मावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "भाऊ, मी तुमच्याकडं आले व्हते तवा तुम्ही काय म्हनला, ते तिथं चौघांत सांगा. मंग येते."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि बाबांची मान खाली गेलेली बघून रडावंसंही वाटलं. ते पडलेल्या घराकडे परत फिरले.

"काका, आता काय करायचं?" घरमालकाने विचारलं. बाबांनी लटकत्या दरडीकडे बघितलं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिका इचारा."

गर्दीतला एकजण हसला. "पोरीला काय विचारायचं?"

मग मात्र माझा तोल गेला. "मला नका विचारू," मी म्हटलं. "मी कोण लागून गेले! हे सगळं मावशींनी संक्रांतीनंतरच सांगितलं होतं. तुम्ही त्यांना पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही, कारण त्या तुमच्यातल्या नाहीत. ज्याला त्यांच्याकडून शिकायला कमीपणा वाटतो, त्याने आपली दरड तशीच ठेवावी आणि तिच्याखाली खुशाल झोपावं." असं म्हणून मी कोणाचं तरी फावडं हिसकावलं आणि रागाच्या भरात खोलीतल्या ढिगात घातलं.

"थांब!" मागून आवाज आला. मावशी वाटेवर उभ्या होत्या, हातात सूप तसंच. "त्या ढिगाला हात लावू नगं, येडे! त्याच्याच टेक्यानं वरचं उभं हाय. तो काढला तर सगळं तुझ्या डोक्यात येईल. आधी वरनं उतरवा."

मी फावडं मागे घेतलं. मघाचा हसणारा पुटपुटला, "आता ह्या कोण सांगणाऱ्या?"

बाबा त्याच्याकडे वळले. मी त्यांचा तो आवाज दरड मोडल्यापासून ऐकला नव्हता. "ह्येंनी माका आधीच सांगितल्यानी. मी म्हटलंय, आमका शिकवू नका. मी आयकूक नाय, म्हणान ही खाट मोडली. आता ह्ये सांगतत तसा करा."

मावशींनी सूप बाबांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि दरडीच्या वरच्या अंगाला चढू लागल्या.