आईचं माहेर पाहिलं तो दिवस

सोलापूर बघायला जायचं वडिलांनी ठरवलं. ते वैरागच्या शाळेत मास्तर होते आणि भुईकोट किल्ला आम्हा दोघा भावंडांना एकदा डोळ्यांनी दाखवावा, असं त्यांच्या फार मनात होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, भाऊ माझ्याहून धाकटा. आईचा जन्म सोलापूरचाच. लहानपणी प्लेगात तिचे आईवडील गेले आणि तिच्या आत्यानं तिला वैरागला आणून वाढवलं, तिचं लग्नही गावातच लावून दिलं. त्यानंतर आई त्या शहरात कधी गेली नव्हती. आत्या विधवा, मूलबाळ नसलेली. ती आमच्यातच राहायची. आम्ही तिला आजी म्हणायचो, आणि आईही तिला आईच म्हणायची.

निघताना आजी म्हणाली, किल्ला बघा, सिद्धेश्वराला जा, जुन्या पेठेत काय करायचंय, तितं आता कोण हाय आपलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

सर्व्हिस मोटारीतून धूळ खात आम्ही पोहोचलो. वडिलांनी खंदक दाखवला, बुरूज दाखवले. कुठल्या सुलतानानं काय बांधलं ते सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. आई ऐकत नव्हती. तळ्याकाठी दशम्या खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "माझं घर बघून येऊ."

तिला आठवत होतं ते इतकंच, की मारुतीच्या देवळाशेजारच्या बोळात तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि मागं घर. विचारत विचारत आम्ही पेठेत शिरलो. घराघरातून मागांची खटखट येत होती आणि गटारातून रंगाचं लाल पाणी वाहत होतं. देऊळ सापडलं, बोळही सापडला. दुकानाच्या जागी आता माग बसवलेले होते. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी मागासाठी कांड्यांवर सूत भरत होती. घरात ती तेलुगू बोलत असावी. मराठी अडखळत बोलायची. वडिलांनी तिला बांगडीवाल्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, तो प्लेगातच गेला. आईनं सांगितलं, मी त्यांची मुलगी.

म्हातारीनं हातातलं सूत खाली ठेवलं. "पोरगी तर मेली की," ती म्हणाली. मग तिनं आईचा डावा हात ओढून मनगटावरची भाजल्याची खूण पाहिली आणि तो हात सोडेचना.

पुढचं तिनं हळूहळू सांगितलं. बांगडीवाला वारल्यावर त्याच्या बायकोलाही गाडीत घालून प्लेगच्या दवाखान्यात नेलं. तिथून माणूस परत येत नसे, म्हणून नणंद येऊन मुलीला घेऊन गेली. पण ती बाई वाचली. चालता येऊ लागल्यावर आधी निरोप धाडून ती वैरागला गेली. नणंदेनं दारातच सांगितलं, मुलगी वाटेतच गाठीनं गेली. बाई परत याच बोळात आली, लोकांच्या कांड्या भरून पोट भरू लागली, आणि काही वर्षांनी तापानं गेली. रस्त्यात लहान मुलगी दिसली की तिचा हात उलटा करून बघायची.

वडील म्हणाले, चला, उशीर होतोय. आई ओट्यावर बसूनच राहिली. तिनं विचारलं, ती कुठं निजायची. म्हातारीनं ओट्याचा कोपरा दाखवला. आईनं त्या फरशीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि उठली. रडली नाही.

परतीच्या मोटारीत ती एकदाच बोलली. आत्याकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिला एक दिवस शेजारणीबरोबर दूरच्या रानात पाठवलं होतं. दिवसभर हुरडा खाल्ला, झोके घेतले. दिवेलागणीला घरी आली तर आत्या अंधारात बसलेली. तिनं जवळ घेऊन गूळ-भाकरी भरवली. "मी तो दिवस लई सुखाचा म्हणून जपला हुता," आई वडिलांना म्हणाली.

घरी आल्यावर तिनं आजीचं ताट वाढलं. वडील आम्हाला आत घेऊन जायला लागले, पण आईनं त्याआधीच थेट विचारलं, "मला रानात धाडलं त्या दिशी माझी आई हितं आली हुती का?"

आजीचा हात ताटातच थांबला. ती म्हणाली, "व्हय. लई वाळली हुती. तिला धड उभं राहवत नव्हतं." आणि मग, "तुला तिच्या हाती दिलं असतं तर माझ्याजवळ काय ऱ्हायलं असतं?"

आईनं भाकरीचा तुकडा मोडून आमटीत कुस्करला, कारण आजीला दात नव्हते, आणि ताट पुढं सरकवलं.

त्यानंतर आजी आणखी काही वर्षं जगली. शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा आईनं तिचं सगळं केलं. पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. पण तिला हाक मात्र मारली नाही, आई म्हणून नाही आणि आत्या म्हणूनही नाही. काही विचारायचं असलं की जवळ जाऊन उभी राहायची. शेवटच्या दिवसांत आजीला दिसत नव्हतं. कोण आलंय, असं ती सारखी विचारायची, आणि आई तिच्या ओठांना पाणी लावत गप्प बसायची.