उतारावरचा पाइप

दादाचे दोन्ही पाय तळेगावच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेले. आता दादाही नाही. त्याच्याविषयी लिहायला बसले की मला आधी तो पाइप दिसतो.

कामशेतच्या बाजारातल्या वाचनालयाला पायऱ्या होत्या. दादाने मागणी लावून धरली तेव्हा त्यांच्या शेजारी सिमेंटचा उतार झाला. मग बाजारात भात विकायला आलेले लोक त्यावरून मोटारसायकली थेट दारात नेऊ लागले. त्या अडवायला समितीने उताराच्या मधोमध लोखंडी पाइप रोवला. मोटारसायकली बाजूने निघून जात. अडकायची ती फक्त दादाची चाकांची खुर्ची.

समितीचे आबा म्हणाले, "तुला उचलून न्यायला आमी हाय की."

ते उचलणेच दादाला नको होते. माणसे त्याला काखेत धरून पोत्यासारखा वर नेत, शर्ट छातीपर्यंत वर सरके, खाली बाजारातले लोक बघत.

एका बाजाराच्या दिवशी तो मांडीवर घण ठेवून निघाला. मी मागे चालत होते. खुर्चीत बसूनच त्याने पाइपवर घाव घालायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या घावाला पाइप वाकला आणि आबांचा पुतण्या धावत आला.

"लय माज आलाय का रं, लंगड्या?"

"माज न्हाई. पेपर वाचायचाय."

पुतण्याने खुर्ची मागून ओढली. दादा उताणा पडला, त्याचे डोके सिमेंटवर आपटले. पुतण्याने त्याच्या तोंडावर लाथ घातली. दादाने तो पाय दोन्ही हातांनी धरला आणि पोटरीला दात रोवले. तो किंचाळत राहिला, दादा सोडेना. मी मध्ये पडले तेव्हा कुणाचे तरी कोपर माझ्या कानशिलावर बसले. भाजीवाल्या मावशींनी पाण्याची बादली ओतली तेव्हा कुठे ते सुटले. दादाचा ओठ फाटून लोंबत होता.

संध्याकाळी दवाखान्यात ओठाला टाके पडले. तिथेच कुणीतरी सांगितले की पाइप नवा बसवला आहे, आधीपेक्षा जाड.

दादाने टाक्यांतून विचारले, "सिमेंट ओलं असंल ना?"

मी गेले. मी शाळेत मराठी शिकवते, आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नव्हता. दोन्ही हातांनी पाइप धरून हलवला आणि ओल्या गिलाव्यासकट उपटला. आबा ओट्यावरच बसले होते. "ठेव तो खाली, बाई," म्हणत ते माझ्या हाताला झोंबले. मी पाइप फिरवला. तो त्यांच्या मनगटावर बसला आणि आतले हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ते खाली बसले, हात पोटाशी धरून. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

तक्रार झाली, गावातच मिटली. पाइप पुन्हा कुणी रोवला नाही.

त्यानंतर दादा रोज सकाळी स्वतः चाके फिरवत आत जायचा. आबा, एक हात गळ्यात बांधलेला, समोरच्या बाकावर असायचे. दोघे एकमेकांशी बोलत नसत. आधी पेपर कोणाला, यावरून मात्र रोज ओढाताण व्हायची.