हळदीकुंकवाला न आलेल्या बायका

गिरगावात आमच्या चाळीत हळदीकुंकवाचं आमंत्रण म्हणजे गॅलरीत उभं राहून एक हाक मारायची, "संध्याकाळी या गं सगळ्या!" बस्स. नव्वदच्या आसपास ह्यांना न्हावा शेवाच्या बंदरात नोकरी लागली आणि आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो. तिथेही संक्रांतीनंतर मी जिन्यात उभी राहून तशीच हाक मारली. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. आल्या दोघीच. त्यातली एक गॅसवर दूध ठेवलंय म्हणून लगेच परत गेली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या साताऱ्याच्या बाईंनी सरळ सांगितलं, "अहो, दारात येऊन कुंकू लावून बोलावल्याशिवाय कसं यायचं? आमच्याकडे तसं कुणी जात नाही."

एवढंच होतं. दुसरी कुणी हसून मोकळी झाली असती. माझ्या डोक्याने मात्र लगेच उत्तर शोधलं: जिला यायचं असतं ती येतेच. मीच आवडले नाही या बायकांना.

मग ते डोकं कामाला लागलं. मोठं कामसू डोकं. कुणी दार लावलं की ते मला बघून. बाजारात ओळख दिली नाही की मुद्दाम. हसून बोललं कुणी, तर कीव येऊन. भाजी करपली की 'माझं सगळं असंच'. पुरावा कुठल्याही बाजूचा आणा, निकाल ठरलेला. हळूहळू मी खाली उतरणंच सोडलं. आधी वेणी घालायचा कंटाळा, मग आंघोळीचा. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. रडूही येत नसे. हे म्हणायचे, "जरा बाहेर जाऊन ये, बरं वाटेल." बाहेर जायलाच आधी थोडं बरं वाटावं लागतं, हे त्यांना कुठून कळणार! ते डबा घेऊन कामावर निघून जायचे.

मुलगी तेव्हा बालवाडीत होती. वरच्या मजल्यावरची तिची मैत्रीण रोज खेळायला यायची. एका संध्याकाळी ती आली नाही. ताप आलाय, असा तिच्या आईने निरोप दिला. मांडलेली भातुकली मुलगी मुकाट्याने आवरायला लागली.

"उद्या येईल गं," मी पडल्या पडल्याच म्हटलं.

"नाही येणार. मी तिला आवडत नाही."

"अगं, ताप आलाय तिला."

"तिची आई उगाच सांगते."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. पक्कं माहीत असल्यासारखी बोलत होती. मी उठून बसले. इतक्या महिन्यांत कधी वाटली नव्हती, ती भीती तेव्हा वाटली.

हे घरी आले तेव्हा चपला काढायच्या आत मी म्हटलं, "अहो, मला डॉक्टरांकडे न्या. आजच."

"का? काय दुखतंय?"

"दुखत काही नाही," मी म्हटलं. "पण आता हिलाही व्हायला लागलंय."