मधुमेहाच्या सभेतून वरच्या मजल्यावर

दारू सोडायला म्हणून घराबाहेर पडलो आणि पहिल्या संध्याकाळी कारल्याचा रस पिऊन आलो, हे मी अजूनही सगळ्यांना सांगत नाही.

तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांना भलताच भाव होता. मी अमरावतीकडचा. कंपनीची बस मला हिंजवडीला न्यायची, अमेरिकेतली माणसं मला नुसत्या नावाने हाक मारायची, आणि तेवढ्यावर आपण कोणीतरी झालो असं मी धरून चाललो होतो. प्यायचो ते टेन्शनमुळे. काम वेळेवर झालं तर आनंदाचं टेन्शन, नाही झालं तर दुःखाचं. बायको विचारायची, "तुमच्या टेन्शनला सुट्टी कधी असते हो?" तिला आयटीतलं काही कळत नाही, असं मी सांगायचो. घरातला कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्त मात्र तीच करायची.

एका संध्याकाळी घरून अमेरिकेशी फोनवर मीटिंग चालू होती. एका हातात फोन, दुसऱ्यात ग्लास. तिकडचे साहेब लांबण लावत होते. मी बायकोकडे वळून आमच्या वऱ्हाडीत म्हणालो, "हा बुढा सोताले समजते तरी काय!" फोन म्यूटवर आहे याची मला खात्री होती. साहेबांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगता का? मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने.

त्याच फोनवर आमच्या टीममधला एक नागपूरचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या वाक्याचा अर्थ सगळ्या मजल्याला कळला, आणि मला अशा कामावर टाकलं गेलं ज्याचा ग्राहक कधी फोन करत नसे. बायको चिडली नाही. तिने पेपरातलं एक कात्रण पुढे ठेवलं. दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, कसबा पेठेतली एक शाळा, संध्याकाळची वेळ. "सोडा म्हणत नाही," ती म्हणाली. "नुसतं बसून या."

आम्ही कोथरूडला राहायचो. कसब्यात आपल्याला ओळखणारं कोणी नाही, म्हणून तयार झालो. गाडी नदीपात्रातल्या पार्किंगमध्ये लावली आणि गल्ल्या धुंडाळत निघालो. दारूच्या दुकानाचा पत्ता मी कुणालाही बिनदिक्कत विचारला असता. या सभेचा विचारायला जीभ रेटेना. शेवटी शाळा सापडली. तळमजल्यावरच्या वर्गात पंधरावीस माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली दिसली. मी मागच्या बाकावर गुडघे कोंबून बसलो.

पुढे एक वयस्कर बाई होत्या. "नवीन दिसता. त्रास कधीपासून आहे?"

"कॉलेजपासून."

"इतक्या लहान वयात! घरात आणखी कुणाला?"

"काकांना होता. त्यातच गेले."

सगळे हळहळले. मला फार बरं वाटलं. इतकी समजूतदार माणसं मी पुण्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

"जेवणाआधी काही घेता?"

"तेच तर," मी म्हणालो. "दोन ठरवतो, चार होतात."

"गोळ्या?"

"पेग."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "अहो, ही मधुमेहाची सभा आहे. आपली वर. जिना चढून डावीकडे. आता आलाच आहात तर रस घेऊन जा, वाया कशाला घालवायचा?"

मी रस घेतला. तो घेऊन सरळ घरी पळालो असतो, पण अख्खी सभा मला जिना दाखवायला दारापर्यंत आली होती.

वरच्या वर्गात सातआठ जण होते. सभा चालवत होते एक निवृत्त प्राध्यापक. माझी पाळी आली तेव्हा मी क्लायंटपुढे बोलावं तसं बोललो: माझा प्रश्न जरा वेगळा आहे, माझ्या कामाचं स्वरूप, वेळांचं गणित, वगैरे. बोलून झाल्यावर टाळ्यांची वाट पाहिली.

"झालं का आपलं?" प्राध्यापक म्हणाले. "बसा. इथे सगळ्यांचाच वेगळा असतो."

मला राग आला. रागाने पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, त्यांना उत्तर द्यायला. उत्तर सुचलं नाही, जाणं मात्र चालू राहिलं. मार्केट यार्डातले एक अडते तिथे यायचे. मुलीच्या बारशाचं पेढ्यांचं ताट पिऊन कसं उलथवलं ते सांगताना ते रडायचे, आणि आम्ही कुणीच त्यांना गप्प करत नसू. तिथे बसून मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं पूर्ण ऐकलं.

मधे एकदा घसरलो. परदेशी निघालेल्या सहकाऱ्याची पार्टी, खडकवासल्याच्या रस्त्यावरचा ढाबा. सकाळी प्राध्यापकांना फोन लावला, क्षमायाचनेचं भाषण तयार होतं. "उठलात ना?" ते म्हणाले. "मग संध्याकाळी या. बिस्किटं आणायची पाळी तुमची आहे." गेलो. त्यानंतर घेतलेली नाही.

आई गावाहून राहायला आली तेव्हा मी दर आठवड्याला भजनाला जातो असं आम्ही तिला सांगितलं. पुण्याने पोराला वळण लावलं, असं ती गावभर फोन करून सांगायची. वर्षभराने मला ते खोटं सोसवेना. ती भाजी निवडत बसली होती. शेजारी बसून सगळं सांगितलं.

"मले मालूम हाये," मेथीची जुडी सोडत ती म्हणाली. "भजनाले जाणाऱ्याजवळ टाळ तं असते. तुह्याजवळ मले कधी दिसले काय?"

मग तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी निवडायला घेतली.