ऑपरेटरबाई आणि त्यांचे जावईबापू

ऑपरेटरबाई यंत्राला ‘अहो’ म्हणायच्या आणि आम्हा इंजिनिअरांना ‘अरे’. टेबलाशी बसल्या की आधी पदर खोचायच्या, यंत्रावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “अहो, उठा. उजाडलं.” मग आमच्याकडे मान वळवून, “अरे, हे उठायला इतका वेळ का लावतायत?” एकदा मी विचारलंच, की बाई, निर्जीव वस्तूला अहो आणि हाडामांसाच्या माणसाला अरे, हा कुठला न्याय? तर म्हणाल्या, “मला काम त्यांच्याकडून करून घ्यायचंय. तुझ्याकडून काय, नुसत्या सबबी मिळतात.”

हडपसरला एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. आमच्या बरोबरीची पोरं परदेशी बँकांची सॉफ्टवेअरं लिहून गाड्या घेत होती आणि आमच्या साहेबांना अंध माणसांसाठी इलेक्ट्रॉनिक वही बनवायचं खूळ लागलं होतं. ब्रेल नोटटेकर. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, वर टाइप करायला मोजक्या कळा आणि पुढच्या कडेला एकच ओळ. त्या ओळीत टाचण्यांसारखी बारीक टोकं वर-खाली होऊन ब्रेलची अक्षरं उमटायची, त्यांवर बोट फिरवून वाचायचं, कळ दाबली की पुढचा मजकूर. स्क्रीन नाहीच. शिवाय आत एक आवाज होता, तो सूचना द्यायचा. हे सगळं बनवणारे आम्ही झाडून सगळे डोळस! म्हणून साहेबांनी बाईंना तपासणीला आणलं. बाई जन्मापासून अंध. खडकीला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, पण फोन आपोआप जोडणारं एक्सचेंज आलं आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. “माझी स्वेच्छा मॅनेजरनी टाइप करूनच आणली होती,” असं त्या सांगायच्या.

त्या पहिल्यांदा आल्या त्या दिवशी आम्ही सगळे डोळ्यांना रुमाल बांधून बसलो होतो. साहेबांची आज्ञा! वापरणाऱ्याचं मन कळावं म्हणून. मी पाणी प्यायला उठलो, कचऱ्याच्या डब्यात पाय घातला आणि तसाच डबा वाजवत दारापर्यंत गेलो. दारात बाई उभ्या. काय चाललंय ते साहेबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची द्यावी लागली. “अरे बाळांनो, डोळे बांधून तुम्हाला अंधार कळतो. मला अंधार-बिंधार काही नाही. माझ्याकडे बोटाखाली एक ओळ आहे. त्या ओळीचं बोला.” आम्ही रुमाल सोडले. त्यानंतर आमच्या ऑफिसात रुमाल फक्त नाक पुसायला वापरले गेले.

बाई मानधनासाठी येतात असा आमचा समज होता. तो त्यांनी आठवड्याभरातच दूर केला. खडकीच्या एका संगीत मंडळात त्या वर्षानुवर्षं निवेदन करत होत्या. गायकांची माहिती, रागांच्या गोष्टी, पाहुण्यांच्या पदव्या, सगळं जाड कागदावर ब्रेलमध्ये टोचून न्यायच्या आणि मांडीवर ठेवून वाचायच्या. मंडळाने नवा माइक घेतला आणि घात झाला. तो माइक इतका तिखट कानाचा, की पान उलटलं की सभागृहात पापड मोडल्यासारखा आवाज. कार्यवाह काळे बाईंना म्हणाले, “बाई, गळा सोन्याचा हो तुमचा, पण कागद फार वाजतो.” आणि पुढच्या कार्यक्रमाला एक कॉलेजातली मुलगी उभी केली. हे सांगताना बाईंचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. “ती मुलगी रसिकहो म्हणायच्या ऐवजी हॅलो एव्हरीवन म्हणाली रे. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं.” मग एकदम ताठ बसून, “काळ्यांनी दिवाळी पहाटेचं निवेदन मला द्यायचं कबूल केलंय. शेवटची संधी, आणि कागद आणायचा नाही. तेव्हा अरे, दिवाळीच्या आत हे यंत्र सरळ करा. मला माझा माइक परत हवाय.”

झालं! त्या दिवसापासून आमच्या कंपनीत प्रॉडक्ट-बिडक्ट कोणी म्हणेना, सगळे ‘बाईंचा माइक’ म्हणायचे.

पहिली चकमक कर्सरवरून उडाली. कॉम्प्युटरवर कर्सर लुकलुकतो, म्हणून आम्ही यंत्रातही लुकलुकता ठेवला होता. स्क्रीनवर ठीक आहे हो, पण इथे लुकलुकणं म्हणजे बोटाखाली टाचण्यांनी उड्या मारणं! बाईंनी ओळीवर बोट ठेवलं आणि किंचाळल्याच. “अगं बाई! हे मला गुदगुल्या करतायत!” पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा हसू. अख्खी दुपार गेली, वाक्य एक वाचून झालं नाही. “ज्या अक्षराशी मी आहे, तेच अक्षर नाचतंय. वाचू काय, कपाळ?” आम्ही गेले सहा महिने त्या लुकलुकीचा वेग बरोबर जमवण्यात घालवले होते. कर्सर थांबवायला मला पाच मिनिटं लागली. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बाईंचा लाडका शब्द होता ‘जागेवर’. वाचता वाचता त्या वेळ बघायला घड्याळात जायच्या आणि परत आल्या, की मजकूर पहिल्या ओळीपासून सुरू. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या डोक्यात यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात यादी, असा यंत्रातल्या मेन्यूंचा सुंदर नकाशा होता आणि तो साहेबांनी भिंतीवर रंगीत काढला होता. बाई म्हणाल्या, “भिंतीवरचं भिंतीला सांगा. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आले, तर माझी खुर्ची कोणी बाल्कनीत नेऊन ठेवतं का? मला जागेवर आणून बसवा.” मग मी दोन कळांची एक जोडी बांधली. कुठेही गेलात तरी ती दाबली, की बोट सोडलं होतं त्याच शब्दावर परत. बाईंनी ती दाबली, परत दाबली आणि टाळी वाजवून माझा गालगुच्चा घेतला. नेम चुकून कान हातात आला, पण भावना पोचल्या.

राहिला तो आवाज. यंत्रातला तो अमेरिकन पुरुष. त्याला बाई ‘जावईबापू’ म्हणायच्या, कारण मध्येच बोलायचे आणि गप्प बसा म्हणायची सोय नव्हती. वाचून दाखवणं बंद करता यायचं, पण बॅटरी उतरल्याची सूचना मात्र साहेबांनी बंद होऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं. वापरणाऱ्याच्या सुरक्षेसाठी! बाई कळवळून सांगत होत्या, “गप्प म्हटलं की गप्प राहावं हो. मला ओळीतच कळवा, मी वाचीन.” साहेब म्हणाले, तुम्हाला कळत नाही, हा नियम जगभर आहे. बाई म्हणाल्या, “जगभर असेल. खडकीत चालायचं नाही.” पण साहेब हटले नाहीत.

दिवाळी पहाट उजाडली. उटण्याच्या वासाने आणि नव्या कपड्यांच्या सळसळीने सभागृह भरलेलं. मी आणि साहेब दुसऱ्या रांगेत. बाई मोतिया रंगाच्या साडीत, मांडीवर यंत्र, माइक समोर. “रसिकहो,” म्हणाल्या, आणि काय सांगू, अंगावर काटाच आला! टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि बाईंच्या बोटाखाली तर शेकडो टाचण्या उठत-बसत होत्या, तरी हूं की चूं नाही. मध्येच प्रमुख पाहुणे उशिरा उगवले. काळे धावत येऊन बाईंच्या कानात म्हणाले, सत्कार आत्ताच. बाईंनी चालू वाक्याला अलगद विराम दिला, पाहुण्यांच्या फाइलीत गेल्या, सगळ्या पदव्या बिनचूक घेतल्या, हार घालून झाला, दोन कळा दाबल्या आणि थांबल्या होत्या त्याच वाक्याचा पुढचा शब्द उच्चारला. मी साहेबांची मांडी इतकी जोरात दाबली, की ते ओरडले.

आणि तेवढ्यात जावईबापू बोलले. माइकवर, खणखणीत अमेरिकन आवाजात, “वॉर्निंग! बॅटरी लो!”

बाईंनी रात्रभर सराव केला होता. स्वतः झोपल्या नव्हत्या आणि यंत्रालाही झोपू दिलं नव्हतं. काळ्यांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, गेला, बाईंचा माइक गेला! बाई माइककडे झुकून म्हणाल्या, “क्षमा असावी. आमचे जावई आहेत. रात्रभर जागरण झालंय, फराळ मागतायत.”

काय ते हसले लोक! पाहुण्यांचा हार तुटला. मी चार्जर घेऊन ओणवा पळत स्टेजवर गेलो, तर लोकांना वाटलं माझाही सत्कार आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्लग तबलेवाल्यांच्या मागे होता आणि ढिला होता. तो हाताने दाबून धरून मी भैरवी संपेपर्यंत तिथेच बसलो. साहेब खाली मान घालून हसत होते की रडत होते, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला आणि म्हणाले, “गप्प म्हटलं की गप्प. आजच करा.”

पण त्या पहाटे कार्यक्रम संपल्या संपल्या काळे चाफ्याची फुलं घेऊन आले होते. “बाई, तुळशीच्या लग्नानंतर आपली एक बैठक आहे. निवेदनाला याल ना?” बाई म्हणाल्या, “डायरी बघून सांगते.” यंत्रातली डायरी उघडली. ती मीच बनवून दिली होती, त्यामुळे तीत काय आहे ते मला ठाऊक होतं. कोरी होती, वर्षभराची. बाईंचं बोट त्या रिकाम्या ओळीवरून सावकाश डावीकडून उजवीकडे गेलं. परत आलं. कपाळाला आठी पडली. काळे फुलं धरून ताटकळत उभे. मी ओठ दाबून धरले होते. शेवटी बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, “गर्दी आहे हो फार. पण बघू, बसवते तुम्हाला कुठेतरी.”

पुढे ती डायरी खरोखरच भरली. येरवड्यापासून कोथरूडपर्यंत बाईंना बोलावणी येऊ लागली आणि आमच्याकडचं येणं आधी कमी झालं, मग थांबलंच. नवीन आवृत्ती तपासायला या म्हणून मी फोन करायचो. पलीकडून बोट फिरवायला लागतो तेवढा वेळ शांतता, मग, “अरे, या महिन्यात मुळीच जमणार नाही.” आमची कामं खोळंबायची, साहेब डोक्याला हात लावायचे. आणि मी फोन ठेवून दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल असं ओरडायचो, “बाईंना वेळ नाही!” की सगळं ऑफिस टाळ्या पिटायचं.