खरखर घालवणारा चोक

दिवसभर बोलायला कुणी नसलं की किस्से फार साठतात बघा! सांगून टाकले तर मन मोकळं होतं. माझे तसेच राहिले. साठच्या दशकात शहाद्याला सलीमचाचांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात मी कामाला होतो. माझं गाव सातारा बाजूचं. इथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

चाचांचा एक कायदा होता. तारेचे वेढे मोजताना कुणी बोलायचं नाही. आणि वेढे तर दिवसभर चालूच! एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "चाचा, घरमा समदं बरं शे ना?"

चाचा म्हणाले, "तीनशे बारा!"

तो बिचारा मान डोलावून निघून गेला.

रेडिओतली खरखर घालवायला आम्ही चोक बनवायचो, म्हणजे लाइनवर बसवायची तारेची गुंडाळी. वेढे कमी पडले की खरखर तशीच, तार बारीक निवडली की चोक तापायचा. सारंगखेड्याला एका पाटलांकडचा असाच तापला. बदलायला गेलो, तर पाटलीणबाई आडव्या आल्या. "ऱ्हाऊ द्या भाऊ, मांजर तठेच झोपस!"

चहा मिळाला, घटकाभर गप्पा झाल्या. तिथून उठणं अगदी जिवावर आलं होतं.

कळसाडीच्या गोविंदबाबांचा चोक मात्र मी झकास जमवला होता. बाबा मळ्यात एकटेच राहायचे. मुलगा सुरतेला. गावातली पिठाची चक्की त्याच लाइनवर, तिची मोटर सुरू झाली की बाबांचा रेडिओ खरखरायचा. मुलगा दिवाळीला आला, वैतागला, आमच्याकडून चोक बसवून परत गेला. खरखर एकदम गायब!

थोड्याच दिवसांत बाबा दुकानात हजर. "भाऊ, तुन्हा चोक काढी टाक."

"का? रेडिओ बिघडला?"

"रेडिओ चांगला चालस. पन खरखर झाई म्हंजे चक्की सुरू झाई, हाई माले समजे. बाया-मानसं जमतीन म्हनीसन मी बी दळनना डबा लिसन निंघू. आते काहीच समजस नही. काल गवू, तं चक्की बंद! कोनीच नही."

मला वाईट वाटलं. तरी हसत म्हणालो, "बाबा, एकट्या माणसाला रोज किती दळण लागतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"दळन कशानं, भाऊ? डबा रिकामाच ऱ्हास."